नकाशाच्या समासात

अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्याने १९७२ मध्ये आय-७४८ या क्रमांकाने दोन ताव छापले. पहिल्या तावावर डॅनियल मिल्टन यांनी १:२,५०,००० या प्रमाणात काढलेला नकाशा आहे, दुसऱ्यावर कॅरल अ‍ॅन हॉजेस यांचा १:५०,००० या प्रमाणातला. प्रदेश चंद्राच्या दर्शनी बाजूवरच्या देकार्त विवराच्या परिसरातला. अपोलो १६ च्या मोहिमेपूर्वीचे नकाशे, असे शीर्षकातच सांगितले आहे. या ‘मोहिमेपूर्वीचे’ शब्दामुळेच इतिहास लिहिणाऱ्याला हे ताव मोलाचे वाटतात. पुढे काय सापडले हे कळल्यावर माणसांच्या आठवणी आपोआप शहाण्या होतात. छापून झालेल्या तावाला ती सोय नसते.

चंद्राच्या नकाशांना त्या काळी एक शिस्त लागली होती. नकाशावरच्या प्रत्येक रंगाचा खुलासा समासात दोन भागांत द्यायचा. आधी नुसते वर्णन: जमीन सपाट की खडबडीत, उजळ की काळपट, तिच्यावर विवरे दाट की विरळ. मग वेगळ्या परिच्छेदात त्या वर्णनाचा लावलेला अर्थ. देकार्तच्या परिसरात दोन मुख्य घटक होते. एक ‘केली’ नावाचा, उजळ आणि बऱ्यापैकी सपाट, खोलगट भागांत येऊन साचल्यासारखा. दुसरा ‘देकार्त’, टेकड्या आणि चर यांनी भरलेला. दोन्हींचा अर्थ ज्वालामुखीजन्य असा लावला गेला. केलीसाठी सहज वाहणारा लाव्हा किंवा ज्वालामुखीची राख; देकार्तसाठी दाट, चिकट लाव्हा, जो लांबवर न वाहता जागच्या जागी फुगतो. एप्रिल १९७२ मध्ये दोन माणसे प्रत्यक्ष तिथे उतरली आणि अर्थाचा परिच्छेद चुकीचा ठरला. वर्णनाच्या परिच्छेदात फारसे काही बदलावे लागले नाही.

अंतराळमोहिमांच्या इतिहासात हा प्रसंग भूवैज्ञानिकांची फजिती म्हणून दोन ओळींत उरकला जातो. मला तो बांधकामाच्या इतिहासात ठेवावासा वाटतो. चंद्रावर घर बांधायचे, तिथल्याच मातीतून प्राणवायू काढायचा, असे बेत आज पुन्हा सुरू आहेत, आणि त्या बेतांना समासातला पहिला परिच्छेद पुरत नाही. पाया खणणाऱ्याला जमीन कशी दिसते यापेक्षा ती कशाची आहे हे हवे असते. म्हणजे नेमका जो परिच्छेद चुकण्याचा संभव अधिक, त्याच्यावाचूनच त्याचे अडते.

ही गरज अपोलोच्याही आधीची आहे. २० मार्च १९५९ रोजी अमेरिकी लष्कराच्या संशोधन आणि विकास विभागाचे प्रमुख आर्थर ट्रुडो यांनी चंद्रावरच्या लष्करी ठाण्याचा आराखडा मागवला. जूनमध्ये ‘प्रोजेक्ट होरायझन’ या नावाचा दोन खंडांचा अहवाल तयार झाला. नोव्हेंबर १९६६ पर्यंत चंद्रावर १२ माणसांचे ठाणे, साडेआठ वर्षांचा कार्यक्रम, खर्च सहा अब्ज डॉलरहून थोडा अधिक. तीन महिन्यांत लिहिलेल्या या अहवालाचा आत्मविश्वास आज वाचताना थक्क करतो. यातले काहीच घडले नाही, हा भाग वेगळा. आपल्या कामाचा तपशील बांधकामाचा आहे. राहण्याच्या खोल्या म्हणजे १० फूट व्यासाच्या आणि २० फूट लांबीच्या धातूच्या टाक्या. त्या चर खणून पुरायच्या, वर चंद्राचीच माती लोटायची, म्हणजे उल्का आणि तापमानातले चढउतार यांपासून संरक्षण मिळेल. अणुभट्ट्याही खड्ड्यांत ठेवायच्या. खणण्यासाठी, माती ओढण्यासाठी वेगळे वाहन. आणि जागा? चंद्राच्या दृश्य केंद्रापासून अक्षांश-रेखांशांच्या वीस अंशांच्या आत कुठेतरी. ‘स्थानिक साधनसंपत्तीचा वापर’ हा शब्दप्रयोग तेव्हा रूढ नव्हता, पण छपरावर लोटायची माती हीच ती साधनसंपत्ती.

खणायचे ठरले, पण खाली काय आहे याचा पत्ता नव्हता. पृथ्वीवरून घेतलेल्या उत्तम छायाचित्रांतही साधारण किलोमीटरभराहून लहान गोष्ट धड उमटत नसे. खगोलशास्त्रज्ञ थॉमस गोल्ड यांनी १९५५ मध्ये मांडले होते की चंद्राचे काळपट ‘सागर’ म्हणजे बारीक धुळीने भरलेली खोलगट मैदाने असावीत. ते खरे असेल तर टाकी पुरण्यासाठी खणायची गरजच नव्हती. यान उतरताच सगळेच पुरले गेले असते.

याच प्रश्नावर लष्कराच्या अभियंत्यांसाठी सर्वेक्षण खात्याच्या रॉबर्ट हॅकमन आणि आर्नल्ड मेसन यांनी एक अभ्यास केला. तो १९६१ मध्ये आय-३५१ या क्रमांकाने चार तावांवर प्रसिद्ध झाला. प्रमाण १:३८,००,०००. एका तावावर छायाचित्रांवरून केलेला भूवैज्ञानिक नकाशा, एकावर विवरांभोवती पसरलेले उजळ किरण, एकावर भूरूपांनुसार पाडलेले विभाग आणि चौथ्यावर मजकूर. हॅकमन यांची युक्ती मला फार आवडते. चंद्र आपल्याकडे सदैव एकच बाजू ठेवतो, पण किंचित डोलतो. डोलण्याच्या दोन टोकांना घेतलेली छायाचित्रे शेजारी ठेवून त्रिमितीदर्शकातून पाहिली की डोंगर उठून दिसतात. इतके करून या नकाशात खडकांचे वर्ग किती, तर तीन: सागरांपूर्वीचे, सागरांचे आणि सागरांनंतरचे. अभियंत्याला हवे होते खडकाचे नाव. मिळाला खडकांचा क्रम. हॅकमन-मेसन यांनी हातात होते तेवढेच दिले, हा त्यांचा कमीपणा नव्हे. पुढच्या दहा वर्षांतली मंडळी इतकी जपून राहिली नाहीत.

क्रम लावण्याची ही पद्धत पक्की केली भूवैज्ञानिक युजीन शूमेकर यांनी. त्यांनी १९६० मध्ये कोपर्निकस विवराच्या परिसराचा नमुनानकाशा केला आणि हॅकमन यांच्यासह चंद्राच्या कालगणनेवरचा निबंध मांडला, तो १९६२ मध्ये छापून आला. तत्त्व साधे: जे वर पसरले आहे ते नंतरचे. इम्ब्रियमच्या प्रचंड खळग्यातून उडालेला मलबा जुना, एराटोस्थेनिसचे विवर त्यानंतरचे, कोपर्निकसचे सर्वांत अलीकडचे, कारण त्याचे किरण सर्वांवर पसरले आहेत. हातात एकही दगड नसताना, दुर्बिणीच्या जोरावर एका खगोलाचा इतिहास असा क्रमाने मांडला गेला आणि तो टिकला. देकार्तच्या चुकीचे बीज या यशातही असावे, असे मला वाटते. चित्रावरून क्रम कळतो हे सिद्ध झाले होते. चित्रावरून पदार्थही कळेल, हे कुणी सिद्ध केले नव्हते, पण एका यशाच्या पुण्याईवर दुसरे विधान खपून गेले.

आता १९७१. अपोलो ११ आणि १२ सागरांवर उतरले होते, अपोलो १४ फ्रा मॉरोच्या टेकड्यांत. पंधराव्या मोहिमेची जागा हॅडली-अपेनाइनच्या पायथ्याशी ठरली होती. पृथ्वीवरून उजळ दिसणाऱ्या उंच प्रदेशाच्या आत कुणी गेले नव्हते. ३ जून १९७१ रोजी स्थळनिवड मंडळाने अपोलो १६ साठी देकार्तची निवड केली. प्रतिस्पर्धी होते अल्फॉन्सस विवर. देकार्तचे पारडे जड होण्याचे मोठे कारण समासातला दुसरा परिच्छेद होता: उंच प्रदेशात ज्वालामुखी असतील, तर सागरांच्या लाव्हाहून वेगळ्या जातीचा खडक मिळेल. नकाशाच्या कडेला, सावध शब्दांत लिहिलेला अर्थ समितीच्या टेबलावर पोचेपर्यंत निवडीचा आधार बनला होता. कागदावरचा मजकूर तोच. फक्त वाचणाऱ्यांना त्याच्याकडून काहीतरी हवे होते.

शिवाय जवळून घेतलेली चित्रेही मोजकीच होती. देकार्तची बारीक छायाचित्रे घेण्यासाठी अपोलो १४ बरोबर एक खास कॅमेरा पाठवला होता, तो बिघडला. कक्षेत एकटे असलेल्या स्टुअर्ट रूसा यांनी हातातल्या हॅसलब्लाड कॅमेऱ्याला लांब पल्ल्याची ५०० मिलिमीटरची लेन्स लावून काम निभावले. मोहिमेच्या पूर्वतयारीत या छायाचित्रांचा मोठा आधार होता.

२१ एप्रिल १९७२. जॉन यंग आणि चार्ल्स ड्यूक उतरले, केन मॅटिंग्ली कक्षेत राहिले. यंग आणि ड्यूक यांना हवाईच्या लाव्हाची ओळख करून दिली होती, आणि कॅनडातल्या सडबरी इथे आघाताने चुरडलेले खडकही दाखवले होते. या दुसऱ्या सहलीचे मोल पहिल्याच फेरीत कळले. उचलला तो दगड ब्रेशिया निघू लागला, म्हणजे आधीच्या दगडांचा चुरा आणि तुकडे आघाताच्या दाबाने आणि उष्णतेने पुन्हा सांधून झालेला दगड. लाव्हाचे पठार म्हणून ज्या मैदानात उतरलो, तिथे लाव्हाचा पत्ता नव्हता. ही बातमी कक्षेत पोचल्यावर भूवैज्ञानिकांनी आता पाटी पुसून नव्याने सुरुवात करावी, अशा अर्थाचा शेरा मॅटिंग्ली यांनी मारला. तीन फेऱ्यांत मिळून सुमारे ९६ किलो दगडमाती पृथ्वीवर आली. त्यातल्या ११.७ किलोच्या सर्वांत मोठ्या धोंड्याला मोहिमेच्या भूवैज्ञानिक पथकाचे प्रमुख विल्यम म्यूलबर्गर यांच्यावरून ‘बिग म्यूली’ हे नाव पडले. चूक झाल्याच्या दिवशीही गंमत सुचली, हे बरे.

बांधकामाच्या दृष्टीने त्या मोहिमेतला महत्त्वाचा कागद मात्र दगडांच्या यादीचा नाही, भूकंपलहरींच्या प्रयोगाचा आहे. एका दांड्याने जमिनीवर ठोके दिले गेले, पुढे छोटे तोफगोळेही उडवले गेले, आणि लहरी जमिनीतून किती वेगाने जातात हे मोजले. वरचा थर १२.२ मीटर जाडीचा, लहरींचा वेग सेकंदाला ११४ मीटर. त्याखाली २५० मीटर. अखंड कातळातून लहरी याच्या कितीतरी पट वेगाने धावतात. म्हणजे निदान कित्येक मीटर खोलीपर्यंत लाव्हाचे एकसंध थर नव्हते. होता तो भुगा आणि चुरडलेला दगड. आपल्याकडे विहिरीला चार-पाच मीटरवर कातळ लागला की सुरुंगाची तजवीज करावी लागते. देकार्तच्या मैदानात होरायझनच्या टाक्या पुरायच्या असत्या, तर सुरुंग लागला नसता. चूक ठरलेल्या नकाशाने खणणाऱ्याला उलट सोपीच जमीन दिली असती. पण पक्क्या कातळावर काही उभारण्याचा बेत असता, तर तो तिथेच संपला असता.

मग ही मैदाने कशाची? त्याच वर्षी निघालेल्या अपोलो १६ च्या प्राथमिक वैज्ञानिक अहवालात रिचर्ड एगलटन आणि जेरल्ड शेबर यांनी केलीचा अर्थ आघातखळग्यांतून उडालेला मलबा असा लावला. हजारएक किलोमीटर दूरच्या इम्ब्रियमसारख्या आघातातून निघालेले लोंढे जमिनीलगत वाहत आले, खोलगट भागांत साचले आणि सपाट झाले. त्यात दूरचा माल किती आणि वाटेत उकरला गेलेला तिथलाच किती, यावर पुढे बराच वाद झाला. ज्वालामुखी मात्र परत आला नाही. चंद्राच्या नकाशांवर आयुष्य घालवलेल्या डॉन विल्हेल्म्स यांनी १९९३ च्या ‘टु अ रॉकी मून’ या पुस्तकात ही सगळी हकिकत लिहिली आहे, आणि त्या चुकीत स्वतःचाही वाटा असल्याचे लपवलेले नाही. हॉजेस यांनी तर याहून पुढचे केले. १९८१ मध्ये सर्वेक्षण खात्याने अपोलो १६ च्या परिसरावर १०४८ क्रमांकाचा जाडजूड ग्रंथ काढला. त्याच्या तीन संपादकांत त्या आहेत. नऊ वर्षांपूर्वी स्वतः आखलेल्या तावाची फेरतपासणी त्यांनी स्वतःच्या देखरेखीखाली करून घेतली.

मिल्टन यांचे नाव यानंतर मला जिथे भेटले तिथे ते भेटेल अशी अपेक्षा नव्हती. २५ मे १९७३ च्या ‘सायन्स’ मध्ये तीन पानांचा एक निबंध आहे. लेखक कर्ट फ्रेड्रिकसन, भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे ए. दुबे आणि एम. एस. बालसुंदरम, आणि डी. जे. मिल्टन. विषय: बुलढाणा जिल्ह्यातले लोणार.

लोणारच्या सरोवराचा अर्थही जवळजवळ शतकभर ज्वालामुखी असाच लावला जात होता, आणि त्यात वावगे काही नव्हते. सभोवार दख्खनचा लाव्हा पसरलेला, त्यात १.८ किलोमीटर व्यासाचा गोल खळगा. पहिला तर्क तोच होणार. अमेरिकी भूवैज्ञानिक ग्रोव्ह कार्ल गिल्बर्ट यांनी १८९६ मध्ये अ‍ॅरिझोनातल्या विवराला आघाताचे न मानता वाफेच्या स्फोटाचे ठरवले, तेव्हा तुलनेला त्यांच्यापुढे लोणार होते. तीनच वर्षांपूर्वी, १८९३ मध्ये, याच गिल्बर्टनी दुर्बिणीतून चंद्र पाहून इम्ब्रियम हा आघाताचा खळगा आहे आणि त्याचा मलबा चौफेर उडाला आहे, हे बरोबर ओळखले होते! चंद्रावरचे ओळखले, पायाखालचे हुकले.

१९७३ च्या निबंधाचा आधार होता सरोवराच्या तळात घेतलेल्या भोकांतून वर आलेला दगड. त्यात मास्केलिनाइट सापडले. फेल्डस्पार खनिजाला आघाताचा जबर दाब बसला की ते न वितळताच काचेसारखे होते, त्याला हे नाव आहे. ज्वालामुखीच्या स्फोटात इतका दाब निर्माण होत नाही. लोणार हे बेसाल्टमधले त्या वेळी ठाऊक असलेले एकमेव आघातविवर होते, आणि तिथल्या ब्रेशियाला आणि काचेच्या गोळ्यांना अपोलोच्या नमुन्यांत जवळची जोड मिळाली. देकार्तला आघाताऐवजी ज्वालामुखी पाहणारा नकाशाकार वर्षभरात लोणारला ज्वालामुखीऐवजी आघात सिद्ध करणाऱ्यांत होता. यात प्रायश्चित्त वगैरे शोधू नये. काम चालू होते एवढेच. फरक साधनाचा होता. लोणारला छिद्रक होता.

आता अपोलो १७, डिसेंबर १९७२. टॉरस-लिट्रो खोऱ्यातल्या काळपट आवरणाचा अर्थ मोहिमेपूर्वी ज्वालामुखीची ताजी राख असा लावला होता. शॉर्टी विवराच्या कडेला अंतराळवीर हॅरिसन श्मिट यांना नारिंगी माती दिसली. ती खरोखरच ज्वालामुखीच्या फवाऱ्यातून उडालेली काच निघाली, पण साडेतीन अब्ज वर्षांपूर्वीची. इथे पदार्थ बरोबर आणि वय चूक. इतिहासकाराला ही चूक मोठी वाटेल. कारखाना काढणाऱ्याला तिचे काहीच नाही. १९९६ मध्ये कार्लटन अ‍ॅलन, रिचर्ड मॉरिस आणि डेव्हिड मॅके यांनी अपोलोने आणलेली माती आणि काच १०५० अंश सेल्सिअसला हायड्रोजनच्या प्रवाहात तापवून प्राणवायू काढल्याचे निष्कर्ष छापले. नमुन्याच्या वजनाच्या १ ते ५ टक्के प्राणवायू मिळाला, आणि किती मिळणार हे लोहावर ठरते असे दिसले. लोहबहुल ज्वालामुखी काच सर्वांत फायद्याची. नारिंगी काचेत लोहाचे ऑक्साइड सुमारे २२ टक्के असते, देकार्तच्या मातीत सुमारे ५. हिशेब साधा आहे: ५ टक्के उताऱ्याला टनभर प्राणवायूसाठी २० टन माल लागतो, १ टक्क्याला १०० टन. त्याच भट्टीला पाचपट खणणे, पाचपट वाहतूक. समासातल्या दुसऱ्या परिच्छेदातल्या एका शब्दाची ही किंमत.

हा हिशेब आता आपल्याही कागदपत्रांत आला आहे. २३ ऑगस्ट २०२३ रोजी चंद्रयान-३ दक्षिणेला ६९ अंशांच्या आसपास उतरले. प्रज्ञान गाडीने १०३ मीटरच्या वाटेवर २३ ठिकाणी मातीतली मूलद्रव्ये मोजली. अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेतले संतोष वडवळे आणि सहकारी यांचा निबंध ऑगस्ट २०२४ मध्ये ‘नेचर’ मध्ये आला. माती फेरोअन अ‍ॅनॉर्थोसाइट, म्हणजे मुख्यतः फेल्डस्पार असलेल्या खडकाच्या, जातीची, अपोलो १६ आणि सोव्हिएत संघाच्या लुना २० यांच्या नमुन्यांच्या दरम्यान बसणारी. दक्षिण ध्रुवाकडे वस्ती करू पाहणाऱ्यांनी त्यातून घ्यायचे ते असे: तिकडे लोहाच्या जोरावर प्राणवायू काढायचा बेत असेल, तर पायाखाली देकार्तसारखीच माती गृहीत धरावी.

म्हणूनच सगळ्यांचा डोळा ध्रुवाजवळच्या बर्फावर आहे, आणि इथे समासातले दोन परिच्छेद पुन्हा समोर येतात. १९९८ च्या लुनार प्रॉस्पेक्टर यानाने ध्रुवांजवळ न्यूट्रॉनांची घट मोजली, म्हणजे तिथे हायड्रोजन अधिक आहे. हे वर्णन. तो हायड्रोजन पाण्याच्या बर्फातला आहे, हा अर्थ. तपासण्यासाठी ९ ऑक्टोबर २००९ रोजी काबेउस विवराच्या कायमच्या सावलीत रॉकेटचा रिकामा टप्पा आदळवला, आणि उडालेल्या धुरळ्यात पाणी दिसले. आघाताच्या जागी मातीत वजनाने ५.६ टक्के पाणी, असा आकडा निघाला; त्याच्यापुढे अधिक-उणे २.९ असेही छापले आहे. योजनांच्या रंगीत तक्त्यांत पहिला आकडा ठळक असतो, दुसरा बहुधा दिसत नाही. पण २.७ टक्के धरून बांधलेला कारखाना आणि ८.५ टक्के धरून बांधलेला कारखाना एका मापाचे नसतात, आणि हे दोन्ही आकडे एका विवरातल्या एकाच खड्ड्याचे आहेत.